रमाबाईंचा चेहरा : 'स्वामी' कादंबरीपासून पडद्यापर्यंत

मराठीतली सर्वांत गाजलेली प्रेमकथा कोणती, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बरेच जण रणजित देसाई यांच्या 'स्वामी'चे नाव घेतील. खरे तर 'स्वामी' ही ऐतिहासिक कादंबरी. तिच्यात निजाम आहे, हैदर आहे, राघोबादादांची भाऊबंदकी आहे, रामशास्त्र्यांचा न्याय आहे. पण पुस्तक मिटून बाजूला ठेवले की मनात राहतात ती दोनच माणसे. थोरले माधवराव आणि रमाबाई. राजकारण हळूहळू पुसट होते, थेऊर मात्र पुसट होत नाही.

कादंबरी प्रसिद्ध झाली १९६२ साली. तिला १९६४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. देसाई हे चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. कोल्हापूर जिल्ह्याच्या टोकाला, बेळगावच्या शेजारी असलेले हे गाव आपल्या गोव्याहून फार लांब नाही. कादंबरी आली त्याच्या काही महिने आधी, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला होता. पुढच्या काही वर्षांत इथे गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, वाचनालये वाढली. त्या शाळांतून शिकलेल्या आमच्या आधीच्या पिढीच्या हाती जी पहिली जाडजूड पुस्तके पडली, त्यांत 'स्वामी' हमखास असायची. आमच्या घरी होती ती प्रत माझ्या आईच्या लग्नात कोणीतरी आहेर म्हणून दिलेली. तिची शेवटची वीस-पंचवीस पाने इतर पानांपेक्षा जास्त हाताळलेली दिसायची.

अशी कादंबरी जेव्हा पडद्यावर येते, तीही घराघरातल्या लहान पडद्यावर, तेव्हा तिचे काय होते? तिच्यात काय भर पडते आणि तिच्यातून काय गळून जाते? हे बघण्यासाठी आपल्याकडे 'स्वामी'इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. १९८७ साली गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखाली 'स्वामी' दूरदर्शनवर मालिकेच्या रूपात आली. रवींद्र मंकणी माधवराव झाले, मृणाल देव रमाबाई झाल्या आणि दया डोंगरे गोपिकाबाई झाल्या. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आज जी रमाबाई उभी राहते, ती बरीचशी या मालिकेने दिलेली आहे.

आधी इतिहास काय सांगतो ते थोडक्यात पाहू. माधवरावांचा जन्म १७४५चा. १७५३ मध्ये लग्न झाले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. रमाबाई अर्थातच त्याहून लहान. १७६१च्या जानेवारीत पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब गेले आणि सोळाव्या वर्षी माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे चढली. १७६३च्या ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला त्यांनी निजामाचा पराभव केला. हैदरावर एकामागून एक स्वाऱ्या केल्या. १७६८ मध्ये धोडपला राघोबादादांना हरवून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. हे सगळे करताना क्षयाने शरीर पोखरले जात होते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, कार्तिक वद्य अष्टमीला, थेऊरच्या चिंतामणीपाशी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते गेले. रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. मूल नव्हते. ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने माधवरावांच्या अकाली मृत्यूचा घाव पानिपताच्या घावाहून कमी नव्हता अशा अर्थाचे म्हटले आहे, आणि आपले इतिहासकार ते मत आजही उद्धृत करतात.

माधवरावांविषयी कागद पुष्कळ आहेत. त्यांची स्वतःची पत्रे आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात पेशवे दप्तरातून निवडून छापलेल्या पंचेचाळीस खंडांत त्यांचा काळ आहे. हुकूम, जमाखर्च, स्वाऱ्यांचे मुक्काम, कोणाला किती वस्त्रे दिली याच्या नोंदी, सगळे काही. रमाबाईंविषयी मात्र या सगळ्या पसाऱ्यात फार थोडे आहे. त्या काय बोलल्या, त्यांना काय वाटले, हे सांगणारा आवाज तिथे नाही.

मी सरकारी कचेरीत कारकून आहे. फायलीत जे नोंदलेले नाही ते घडलेलेच नाही, असे धरून चालणे हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. इतिहासकारही थोडाफार याच नियमाने चालतो, आणि त्याने तसेच चालले पाहिजे. कादंबरीकाराचे काम तिथून पुढे सुरू होते. सोळा ते सत्तावीस या वयात एक तरुण राज्य सावरतो आहे, काका उलटला आहे, आईशी पटत नाही, अंगात दुखणे आहे. मग रात्री वाड्यात परत आल्यावर तो कोणाशी बोलत असेल? हा प्रश्न कोणत्याही दप्तरात नाही. देसाईंनी तो विचारला आणि त्याचे उत्तर रमाबाईंच्या रूपाने लिहिले. 'स्वामी' हा शब्दही त्यांनी नेमका उचलला. तो राज्याच्या धन्याला लागू पडतो आणि पत्नीच्या तोंडी नवऱ्यालाही लागू पडतो. कादंबरी या दोन अर्थांच्या मध्ये चालते. माधवराव एका अर्थाने स्वामी होत जातात तसतसे दुसऱ्या अर्थाने त्यांना रमाबाईंजवळ थांबायला वेळ उरत नाही. दोघांच्या वाट्याला येतात ते स्वारीवर निघण्याआधीचे आणि स्वारीवरून परतल्यानंतरचे मोजके क्षण. प्रेमकथेला लागणारा विरह इथे मुद्दाम घडवावा लागला नाही. तो पेशव्यांच्या मोहिमांच्या तारखांतच होता.

मराठीत ऐतिहासिक कादंबरी नवी नव्हती. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ची, हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' त्याच शतकाच्या अखेरीची. त्या परंपरेत पराक्रम इतिहासातल्या पुरुषांकडे आणि प्रेम बहुधा कल्पित पात्रांकडे, अशी वाटणी असे. देसाईंनी ती वाटणी मोडली. खुद्द पेशव्यालाच त्यांनी प्रेमकथेचा नायक केले. त्यांच्यावर भावुकतेचा आक्षेप घेतला गेला, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. पण वाचकांनी ती भावुकता आपली म्हणून स्वीकारली, हेही तितकेच खरे.

आता जागीरदारांकडे येऊ, कारण या कथेत त्यांचे असणे मला फार अर्थपूर्ण वाटते. जागीरदार मूळचे अमरावतीचे, जन्म १९०७चा. प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ साली आला, तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांची भूमिका त्यांनी केली होती आणि दिग्दर्शनातही त्यांचा हात होता. त्या चित्रपटात ललिता पवार आनंदीबाई होत्या. नारायणरावांचा खून आणि त्याबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश, हा त्याचा गाभा. म्हणजे माधवरावांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १७७३ मध्ये जे घडले त्याची कथा. आपल्या गोव्यात देवळांच्या उत्सवी नाटकांमुळे ही कथा जुन्या लोकांना पाठच असे. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९चे. तेही याच प्रसंगावर.

तर १९४४ मध्ये ज्या माणसाने पेशवाईतला न्याय पडद्यावर आणला, त्यानेच त्रेचाळीस वर्षांनी पेशवाईतले प्रेम आणले. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता, महाराष्ट्र राज्य झाले होते, गोवा मुक्त होऊन घटक राज्यही झाला होता. ते तर १९८७ सालीच, मे महिन्यात. पारतंत्र्यातल्या प्रेक्षकाला सत्तेसमोर ताठ उभा राहणारा न्यायाधीश हवा होता. १९८७च्या प्रेक्षकाला त्याच वाड्यातले घर बघायचे होते. जागीरदार १९८८च्या ऑगस्टमध्ये वारले. 'स्वामी' त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक.

तो काळ आठवून पाहा. रंगीत दूरदर्शन येऊन पाचच वर्षे झाली होती. दर रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा रस्ते ओस पडत. दूरदर्शनवाचून दुसरे काही बघायला नव्हते. मी तेव्हा शाळेच्या पहिल्या इयत्तांत होतो आणि 'स्वामी'चे नाव ऐकले ते गिरगावातल्या मावशीकडून. सुट्टीत ती आमच्याकडे आली की रमाबाईंची नथ, त्यांचा खोपा, त्यांचे खाली बघून बोलणे याचे वर्णन करी. लढायांचे वर्णन तिने कधी केल्याचे आठवत नाही. मालिका मी पाहिली ती फार पुढे, आणि तीही सलग नाही. पण मावशी जे सांगायची तेच त्यात महत्त्वाचे होते, हे तेव्हा पटले.

याचे कारण माध्यमात आहे. कादंबरीत दहा हजारांची फौज एका वाक्यात उभी राहते. पडद्यावर तिला घोडे लागतात, माणसे लागतात, पोशाख लागतात, आणि त्या प्रत्येकाला पैसे लागतात. दूरदर्शनच्या त्या वेळच्या मालिकांना एवढे पैसे कुठले? शिवाय वीस इंची संचावर मोठी लढाई मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. माणसाचा चेहरा मात्र त्या संचावर जवळजवळ खऱ्या आकाराचा दिसतो. त्यामुळे लहान पडद्यावर आलेली कोणतीही ऐतिहासिक कथा आपोआप दिवाणखान्यात, देवघरात, शयनगृहात शिरते. लढाई बातमी होऊन येते आणि ती ऐकणाऱ्याचा चेहरा हा प्रसंग होतो. 'स्वामी' कादंबरी मुळातच संवादांवर चालणारी, वाड्यात रमणारी. म्हणून ती या माध्यमात सहज बसली.

वाडा म्हटला की आणखी एक अडचण येते. शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला. आज उरले आहेत ते दिल्ली दरवाजा, तट, जोती आणि कारंज्यांचे हौद. माधवराव आणि रमाबाई ज्या दालनांत वावरले त्यांतले एकही शिल्लक नाही. त्यामुळे पेशवाईवरचा कोणताही चित्रपट किंवा मालिका करणाऱ्याला एक तर वाईजवळच्या मेणवलीसारखा उरलेला वाडा शोधावा लागतो किंवा लाकूड, कापड आणि रंग यांतून नवा उभारावा लागतो. ज्या चौसोपी वाड्याला आपण पडद्यावर 'अस्सल पेशवाई' म्हणतो, तो कादंबरीइतकाच कल्पनेचा असतो. पण वाचताना आपण आपापला वाडा कल्पितो, आणि पाहिल्यानंतर सगळ्यांचा वाडा एकच होतो. रमाबाईंच्या चेहऱ्याचेही तेच झाले.

मृणाल देव तेव्हा सोळा वर्षांच्या. गो. नी. दांडेकर यांची ही नात. कॅमेऱ्यासमोर प्रथमच उभी राहिलेली मुलगी. देसाईंनी रमाबाईंना शब्द दिले होते. या मुलीने त्यांना वय दिले. वाचताना आपण रमाबाईंना पुस्तकातल्या भारदस्त भाषेमुळे नकळत तिशीतल्या समजतो. पडद्यावर मुलगी दिसली आणि लक्षात आले की माधवराव गेले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, आणि त्यांची पत्नी त्यांच्याहूनही लहान होती. कादंबरीतल्या शब्दांपेक्षा हे चेहऱ्यातून लवकर कळते. पडद्याने केलेली ही मोठी भर, आणि पुढे ज्या प्रश्नाकडे मी येणार आहे तो याच भरीतून निघतो.

जगभर गाजलेल्या प्रेमकादंबऱ्या दूरचित्रवाणीवर आल्या आहेत. सर्वांना माहीत असलेले उदाहरण जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे. बीबीसीने १९९५ मध्ये तिची सहा भागांची मालिका केली. तिच्यातला नायक तळ्यात उडी घेऊन ओलेत्याने बाहेर येतो तो प्रसंग लोकांच्या इतका लक्षात राहिला की तो कादंबरीत नाहीच, हे अनेकांना खरे वाटत नाही. पण तिथे पटकथाकाराने काही भर घातली तर बिघडते कोणाचे? एलिझाबेथ आणि डार्सी हे दोघेही लेखिकेच्या मनातले. आपल्या रमाबाई खऱ्या होत्या. त्यांच्या तोंडी घातलेला शब्द आणि त्यांच्या चेहऱ्यावर आणलेला भाव लोकांच्या मनात पुरावा होऊन बसतो.

पडद्याने काय गाळले, हे मला रामाकोन्यात नीट उमगले. हे गाव मध्य प्रदेशात सौंसरच्या पुढे, नागपूर-छिंदवाडा मार्गावर आहे. माझा मेव्हणा नोकरीनिमित्त त्या भागात असताना मी तिथे आठ दिवस राहिलो. नागपूरहून सावनेर, सौंसर करत बस जाते. घरोघरी मराठी, शेतांत संत्र्यांचे बगीचे, आणि दुकानांच्या पाट्या हिंदीत. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला आहे. महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर राहून मराठी वाचणारी माणसे कशी असतात ते गोवेकराला वेगळे सांगायला नको. घरमालक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या कपाटातही 'स्वामी' होतीच. मी ती हातात घेतलेली पाहून ते म्हणाले, "वाचा, वाचा. चांगलंच पुस्तक आहे. फक्त एक ध्यानात ठेवा भाऊ, यात तुम्ही पुण्याच्या बाजूनं उभे असता. आम्ही पडलो जानोजीच्या मुलखातले."

गुरुजींचे म्हणणे इतिहासाला धरून होते. देवगडच्या गोंड राज्यानंतर हा सगळा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला. जानोजी भोसले १७६३ मध्ये निजामाच्या बाजूने होते, त्या वर्षी पुणे लुटले गेले, आणि राक्षसभुवनच्या आधी ते पुन्हा पेशव्यांकडे वळले. पुढे माधवरावांनी त्यांच्यावर फौजा घातल्या. १७६६ मध्ये दर्यापूरचा आणि १७६९ मध्ये कनकापूरचा असे तह त्यांच्यावर लादले. मधल्या काळात त्या मुलखातल्या गावांवरून फौजा गेल्या, त्याचे गावांनी काय सोसले असेल ते सांगायला कादंबरी तिथे थांबत नाही. माधवरावांच्या कथेत जानोजी येतात ते एक अडचण म्हणून. कथेच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. नायक एक असला की बाकीचे त्याच्या वाटेत येणारेच असतात. आणि पडद्यावर आल्यावर ही अडचणही आणखी लहान होते, कारण तिला दाखवायचे म्हणजे पुन्हा घोडे आणि फौजा आल्या. जानोजीही १७७२ सालीच वारले, हे किती जणांना माहीत असते?

गोव्याचेही तसेच. राक्षसभुवनच्या आसपासच, १७६३-६४च्या सुमारास, हैदराने सोंद्याच्या राजाला पळवून लावले, तो राजा गोव्यात आश्रयाला आला, आणि फोंड्यापासून काणकोणपर्यंतचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. हैदराविरुद्धच्या माधवरावांच्या स्वाऱ्यांचा आमच्या मुलखाच्या भवितव्याशी असा जवळचा संबंध होता. मंगेशीच्या देवस्थानाला गाव इनाम मिळाले तेही पेशव्यांकडून, १७३९ मध्ये, रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या खटपटीने. पण 'स्वामी' वाचणारा किंवा पाहणारा गोमंतकीय स्वतःला शनिवारवाड्याच्या आत उभा असलेला समजतो, फोंड्याच्या तटाजवळ नाही. प्रेमकथेची हीच ताकद. ती आपल्याला आपल्या जागेवरून उचलून दोन माणसांच्या दालनात नेऊन ठेवते.

रामाकोन्यातच या पुस्तकाविषयी दुसरी एक गोष्ट कानावर पडली, आणि ती जास्त खोल गेली. गुरुजी आणि मी असे बोलत असता काकू संत्री सोलत बसल्या होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "तुमचं पुणं न् नागपूर चालू द्या. पण रमाबाईले कोणी इचारलं का, बाई, तुले जायचं हाय का म्हणून?" गुरुजी हसले. मला हसू आले नाही.

'स्वामी'चा शेवट सतीने होतो. कादंबरीची सगळी चढण त्या शेवटाकडे आहे. दोघांना आयुष्यात जे सहजीवन मिळाले नाही ते चितेवर मिळते, असा भाव वाचकाच्या मनात उतरतो, आणि म्हणूनच आमच्या घरच्या प्रतीतली शेवटची पाने मळकी झाली होती. पण हा शेवट टळणारच नव्हता का? पेशव्यांच्या घराण्यात पाहा. बाळाजी विश्वनाथांमागे राधाबाई जगल्या. बाजीरावांमागे काशीबाई जगल्या. नानासाहेबांमागे गोपिकाबाई जगल्या, थेट १७८८पर्यंत. सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी तर नवरा गेला हेच मान्य केले नाही आणि सवाष्णीसारख्या राहिल्या. राघोबादादांमागे आनंदीबाई दहा वर्षे होत्या. चिमाजी अप्पांमागे अन्नपूर्णाबाई सती गेल्या आणि माधवरावांमागे रमाबाई. म्हणजे सती जाणे ही त्या घरची सक्तीची रीत म्हणता येत नाही. मग रमाबाईंनी हा मार्ग का घेतला असेल? अपार प्रेम, हे एक उत्तर. मूल नाही, सासूशी वितुष्ट असलेला नवरा गेलेला, वाड्यात राघोबादादा आणि आनंदीबाई, आणि पुढे विधवेचे लांबलचक आयुष्य, हे दुसरे उत्तर. आजूबाजूचा धर्म आणि लोकांच्या नजरा, हे तिसरे. दप्तर यातले कुठलेच सांगत नाही. कादंबरीने पहिले निवडले आणि ते इतके सुंदर लिहिले की बाकीची दोन आपल्याला सुचतही नाहीत.

पुस्तकात हे चालून जाते, कारण वाचक एकटा असतो आणि थांबू शकतो. पडद्याचे तसे नसते. आणि काळही बघा. मालिका १९८७ची. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला राजस्थानातल्या देवराळा गावी रूपकंवर ही अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली. तिथे हजारोंची गर्दी जमली, जयजयकार झाले, देशभर वाद पेटला. संसदेने सती प्रतिबंधक कायदा केला, आणि त्यात सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा ठरला. एकाच वर्षी एका बाजूला सोळा वर्षांची मृणाल देव रमाबाई म्हणून घराघरात पोचली आणि दुसऱ्या बाजूला अठरा वर्षांच्या रूपकंवरचे छायाचित्र वर्तमानपत्रांत आले. दोन्हींची तुलना करून मालिकेला कोणी दोष द्यावा, असे मला म्हणायचे नाही. १७७२ची घटना ती, आणि ती गाळून माधवरावांची कथा सांगता येत नाही. पण ती कशी दाखवायची, हा प्रश्न कपडेपट आणि वाड्याच्या अस्सलपणापेक्षा मोठा आहे. नथ कोणत्या घडणीची होती हे शोधायला आपण माणसे लावतो. त्या मुलीला पर्याय होता का, हे शोधायला लावत नाही.

गोव्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर सोळाव्या शतकाच्या आरंभीच सतीच्या चालीवर बंदी घातली. बेंटिंकचा कायदा १८२९चा, म्हणजे त्यानंतर तीनशे वर्षांनी. पोर्तुगीजांनी आपल्या देवळांचे आणि भाषेचे काय केले ते विसरून त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही, तरी ही नोंद आहे ती आहे. आणि त्याआधीच्या काळाचे साक्षीदारही आपल्याकडे आहेत. सत्तरीतल्या गावांत वीरगळांच्या शेजारी सतीचे दगड उभे आहेत, काही पणजीच्या राज्य संग्रहालयात आणून ठेवले आहेत. दगडावर कोपरापासून दुमडून वर उचललेला बांगड्यांचा हात कोरलेला असतो. नाव बहुधा नसते. रमाबाईंना निदान नाव आहे, थेऊरला नदीकाठी स्मारक आहे, कादंबरी आहे, मालिका आहे. त्या दगडांतल्या बायकांना एक हात तेवढा मिळाला.

कथेचा पुढचा टप्पा २०१४चा. मृणाल कुलकर्णी यांनी त्या वर्षी 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला. पर्ण पेठे रमा झाली, आलोक राजवाडे माधवराव झाला. रवींद्र मंकणी यांनी यात नानासाहेबांची भूमिका केली, आणि सोळाव्या वर्षी रमाबाई झालेल्या मृणाल स्वतः गोपिकाबाई झाल्या. ज्या सासूसमोर एकेकाळी मान खाली घालून उभे राहायचे होते, तिच्याच जागी उभे राहून त्यांनी कथा पुन्हा सांगितली. चित्रपटाचे नावच बघा, त्यात रमा आधी आहे. लहानपणी वाड्यात आलेल्या मुलीपासून तो सुरू होतो. सत्तावीस वर्षांत दृष्टी सरकली ती एवढी. 'स्वामी'त आपण रमाबाईंना माधवरावांच्या डोळ्यांनी पाहत होतो. 'रमा माधव'मध्ये वाडा रमेच्या उंचीवरून दिसतो. त्यात माधवरावांचे मोठेपण कुठेही उणावले नाही.

त्यानंतर पेशवाई मोठ्या पडद्यावर आणखी भव्य झाली. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वरून संजय लीला भन्साळींनी २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' केला, आणि आरसेमहाल, झुंबरे, नाचगाणी यांची रेलचेल झाली. त्याच्याशेजारी १९८७ची मालिका अगदी गरीब वाटते. पण पैसा नसल्यामुळे का होईना, तिने चेहऱ्याकडे बघितले. मावशीला ती शेवटपर्यंत आठवत राहिली ती त्यामुळेच.

'स्वामी' पुन्हा कोणीतरी पडद्यावर आणील, याविषयी मला शंका नाही. अशा कथा दर पिढीला नव्याने लागतात. आणणाऱ्याने घोडे कमी आणले तरी चालेल, वाडा कापडाचा असला तरी चालेल. एखादा प्रसंग नागपूरच्या वाटेवरच्या गावातला असावा, जिथून फौज गेली आहे. आणि थेऊरचा प्रसंग आला की घाई करू नये. माधवराव गेल्यानंतर आणि चिता पेटण्यापूर्वी काही घटका गेल्या असतील. त्या घटकांत रमाबाईंशी कोण काय बोलले, त्यांना कोणी थांबवले का, की कोणीच नाही, हे कादंबरीने आणि दप्तराने आपल्यासाठी मोकळे ठेवले आहे. तेवढ्या वेळात कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर राहिला आणि रामाकोन्याच्या काकूंनी विचारलेला प्रश्न कोणीतरी त्यांना विचारला, तर ती कथा अधिक खरी होईल. प्रेमकथा म्हणूनही ती उणी पडणार नाही.